जन्माचा तक्ता आणि फाशांचा खेळ

१

ग्रंथांचा, कायद्यांचा, देवळांचा आणि आंदोलनांचा इतिहास आपण कसोशीने तपासतो. खेळ मात्र रिकाम्या वेळची गोष्ट म्हणून बाजूला ठेवतो. वास्तविक खेळालाही नियम असतात. नियम म्हटला की तो कोणीतरी केलेला असतो, कोणासाठी तरी केलेला असतो आणि त्यातून कोणीतरी वगळलेला असतो. माणसाच्या मनात जी समाजव्यवस्था मुरलेली असते ती त्याच्या खेळात त्याच्या नकळत उतरते. किंबहुना निबंधात जे लिहायला लेखक कचरेल ते तो खेळाच्या तक्त्यात निर्धास्तपणे मांडतो. 'हा तर नुसता खेळ आहे' ही पळवाट त्याच्या हाताशी तयारच असते.

या लेखात मी अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचा इतिहास या दृष्टीने पाहणार आहे. मोजक्या गोऱ्या पुरुषांनी आपल्यासारख्यांसाठी रचलेला हा खेळ पन्नास वर्षांत स्त्रियांचा, काळ्या लोकांचा, अमेरिकेतील मूळनिवाशांचा आणि आशियाई वंशाच्या लोकांचाही कसा झाला, हा माझा प्रश्न आहे. त्यांना नुसते आत बोलावल्याने हे घडले, की आतली मांडणी मोडावी लागली? ज्या ज्या ठिकाणी 'आता सर्वांना प्रवेश आहे' असे सांगितले जाते त्या सर्व ठिकाणी हा प्रश्न आपण विचारत आलो आहोत.

प्रथम हा खेळ काय आहे ते सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण गोष्ट सांगणारा असतो. त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. प्रत्येक पात्राचे सहा गुण एका कागदावर आकड्यांत लिहिलेले असतात. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि इतरांवर पडणारा प्रभाव हे ते गुण. मूळ नियमांत प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकत; म्हणून आकडा ३ ते १८ यांच्या दरम्यान येई. गोष्ट सांगणारा म्हणतो, "समोर दार आहे, आतून कुजबुज ऐकू येते. काय करता?" खेळाडू आपल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. केलेली गोष्ट साधली की फसली, हे फासे ठरवतात. संहिता नाही, प्रेक्षक नाहीत. शेवटी कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. आपल्या वगात कथानक ठरलेले असते आणि संवाद उभ्या उभ्या रचले जातात. इथे कथानकही उभ्या उभ्याच रचले जाते.

म्हणजे काही तास माणूस दुसरा कोणीतरी होतो. ज्याला समाजाने एकाच नावाने, एकाच कामाने आणि एकाच गल्लीने बांधून ठेवले आहे त्याच्या दृष्टीने ही मुभा लहान नाही. म्हणूनच ती कोणाला आणि किती मिळते, हे पाहिले पाहिजे.

२

या खेळाचे मूळ युद्धखेळात आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना नकाशावर युद्ध शिकवण्याचा खेळ रूढ झाला. १९१३ मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने खेळण्यातल्या शिपायांनी लढायची लढाई एका पुस्तकात मांडली. त्याच्या उपशीर्षकातच त्याने स्पष्ट केले होते की हा खेळ मुलग्यांचा आहे, आणि मुलींपैकी ज्या जरा अधिक बुद्धिमान असून मुलग्यांच्या खेळात रमतात त्यांचाही आहे. प्रवेशाचा हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. सगळ्यांना बंदी आणि अपवादाला शाबासकी!

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत युद्धखेळांचे छंदी मंडळ वाढले. १९६९ मध्ये मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली याने 'ब्राउनश्टाइन' नावाचा एक खेळ मांडला. त्यात खेळाडूला सैन्याऐवजी गावातला एकेक माणूस दिला. याच मंडळातील डेव्ह आर्नेसन याने 'ब्लॅकमूर' हे कल्पित जग उभे केले आणि तेच पात्र आठवड्यामागून आठवडे वाढत जाण्याची रीत पाडली. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा या लहान गावी, गॅरी गायगॅक्स याने १९७१ मध्ये 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक जेफ पेरेनबरोबर काढले होते. त्याच्या शेवटी ड्रॅगन आणि जादूगार यांची पुरवणी होती. या दोन धाग्यांतून नवा खेळ विणला गेला.

गायगॅक्सबद्दलची एक गोष्ट इथे नोंदवण्यासारखी आहे. तो शिकागोत विमा कंपनीत काम करीत असे. १९७० मध्ये ती नोकरी गेली. मग घरच्या तळघरात तो जोडे दुरुस्त करू लागला आणि त्यावर कुटुंब चालवू लागला. म्हणजे ज्या हातांनी हा खेळ लिहिला त्या हातांत त्या काळात रापी आणि दोरा होता. परंतु त्या कामाबरोबर त्याला जात चिकटली नाही. पुढे त्याने ते काम सोडले आणि लोकांनी त्याला लेखक म्हटले, मोची म्हटले नाही. एकच काम दोन समाजांत किती वेगळे वजन घेऊन येते, हे यावरून दिसते.

१९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनी प्रत्येकी हजार डॉलर घालून कंपनी काढली. जानेवारी १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांची पेटी बाजारात आली. हजार प्रती छापल्या होत्या आणि पेट्या घरीच हातांनी भरल्या होत्या. किंमत १० डॉलर. त्या महिन्यात अमेरिकेतील किमान वेतन ताशी १.६० डॉलर होते, म्हणजे पेटीसाठी सहा तासांहून अधिक मजुरी मोजावी लागे. पुष्कळ विद्यार्थ्यांनी ती मोजली नाही. त्यांनी पुस्तिकांच्या छायाप्रती काढल्या. हा खेळ मोठ्या प्रमाणात पसरला तो अशा चोरट्या प्रतींवर.

मूळ नियम इतके त्रोटक आणि विस्कळीत होते की ज्याला युद्धखेळांची परंपरा ठाऊक नाही त्याला ते समजू नयेत. परंपरेबाहेरच्याला अगम्य असलेली भाषा हेच या खेळाचे पहिले कुंपण होते. ते कुंपण मोडण्याचे पहिले श्रेय जॉन एरिक होम्स या मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापकाला जाते. त्याने नवशिक्यांसाठी नियम सोप्या, सरळ भाषेत लिहून दिले आणि ते १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८१ मध्ये टॉम मोल्डव्हे याने आणि १९८३ मध्ये फ्रँक मेंट्झर याने तेच काम पुढे नेले. मेंट्झरच्या पुस्तिकेत वाचक एकटाच बसून, पान उलटत, खेळता खेळता नियम शिकतो. शेजारी जाणकार असण्याची गरज उरत नाही. तिची भाषांतरे अनेक भाषांत झाली. शिक्षकांनी या पुस्तिकेकडे मुद्दाम पाहावे.

३

भाषेचे कुंपण मोडले तरी आत दुसरे कुंपण होतेच, आणि ते तक्त्यांत होते.

१९७८ मध्ये गायगॅक्सने खेळाडूंसाठी सविस्तर नियमपुस्तक काढले. त्यात पात्र तयार करताना आधी त्याचा 'वंश' निवडावा लागे: मानव, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग, अर्ध-ऑर्क इत्यादी. यातले बहुतेक कल्पित समाज टोलकीनच्या कादंबऱ्यांमुळे वाचकांच्या परिचयाचे झाले होते. एल्फ हे देखणे आणि दीर्घायुषी. ऑर्क हे कुरूप, क्रूर, टोळ्यांनी राहणारे. स्वतः टोलकीनने १९५८ मधील एका पत्रात ऑर्कचे रूप सांगताना मंगोल वंशाच्या चेहऱ्याचा आधार घेतला होता. तेव्हा ही कल्पना निव्वळ हवेतून आलेली नव्हती.

वंश ठरला की गुण ठरले. अर्ध-ऑर्काची ताकद एकाने अधिक, प्रभाव दोनांनी कमी. त्याहून महत्त्वाचा होता तो चढण्याच्या पायऱ्यांचा तक्ता. अनुभव मिळवीत पात्र एकेक पायरी वर चढते, हा या खेळाचा प्राण आहे. परंतु मानवाला सर्व व्यवसायांत अमर्याद चढता येई. इतरांना जन्माने मर्यादा होती. ड्वार्फ योद्धा कितीही बलवान असो, नवव्या पायरीवर थांबला पाहिजे. एल्फ सातव्यावर. सर्वसाधारण हाफलिंग योद्धा चौथ्यावर. चोराचा व्यवसाय मात्र त्यांपैकी बहुतेकांना अमर्याद खुला होता! अर्ध-ऑर्काला पुरोहित म्हणून चौथ्या पायरीपुढे जाता येत नसे, पण भाडोत्री मारेकरी म्हणून तो वाटेल तितका वर जाऊ शके. हा तक्ता वाचताना माझ्या डोळ्यांपुढे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा उभा राहिला. त्या कायद्यानेही जन्म पाहून व्यवसाय ठरवला होता, आणि तो व्यवसाय चोरीचाच होता.

याच पुस्तकात कोणत्या वंशाला कोणता वंश आवडतो आणि कोणाचा तिटकारा आहे, याचाही तक्ता आहे. अर्ध-ऑर्कांविषयी तर असे गृहीत धरले आहे की खेळाडूचे पात्र हे त्यांच्यातील वरच्या दहा टक्क्यांपैकी असणार. बाकीचे नव्वद टक्के गोष्टीत येण्याच्याही लायकीचे नाहीत. आपली ओळख लपवून वरच्यांत मिसळून जाण्याची वेदना ज्यांनी भोगली आहे त्यांना या एका गृहीताचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

स्त्रियांचेही तसेच. १९७६ मध्ये कंपनीच्या मासिकात स्त्री-पात्रांसाठी वेगळे नियम सुचवणारा लेख आला. त्यात स्त्रीच्या ताकदीसाठी लहान फासे होते आणि 'प्रभावा'च्या जागी 'सौंदर्य' हा गुण होता. १९७८ च्या पुस्तकाने सौंदर्य घेतले नाही, पण स्त्रीच्या ताकदीवर पुरुषाहून कमी मर्यादा घातली. ज्या जगात ड्रॅगन आग ओकतो, प्रेते चालतात आणि मंत्राने माणूस उडतो, त्या जगात बाईचा दंड बुवाच्या दंडाइतका बळकट असणे मात्र लेखकाला अशक्य वाटले. कल्पनेची झेप नेमकी कोठे अडते ते पाहिले की लेखकाचे मन कळते.

आता राक्षसांकडे वळू. १९७७ मध्ये गायगॅक्सने अक्राळविक्राळ प्राण्यांचा कोश काढला. त्यात आपल्याकडचा 'राक्षस' त्याच नावाने आहे. चित्रकार ट्रॅम्पियर याने त्याला वाघाचे डोके दिले आणि हातात चिलमीसारखी नळी दिली. राक्षस भारतातला, मुळातच दुष्ट आणि मायावी. धर्मगुरूने मंतरलेला बाण लागला की तो मरतो. १९८० च्या पुस्तकात इंद्र, अग्नी, विष्णू हे देव म्हणून आले. म्हणजे देव कोण आणि राक्षस कोण ही वाटणी त्यांनी आपल्या पुराणांतून आहे तशी उचलली. ती वाटणी कोणी केली, असा प्रश्न त्यांना पडला नाही. तो प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त विचारला होता. राक्षस म्हणजे रक्षक, या भूमीचे राखणदार. जिंकणाऱ्यांनी त्यांचे नाव बिघडवले, अशी फुल्यांची मांडणी आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीवर पंडितांनी हवा तितका वाद घालावा. प्राण्यांच्या कोशात एखाद्या समाजाची नोंद करण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो, हा फुल्यांचा प्रश्न त्याने निकालात निघत नाही.

हा प्रश्न खेळात प्रत्यक्ष उभा राहिला. गायगॅक्सने १९७९-८० च्या सुमारास लिहिलेले 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे साहस नवशिक्यांच्या पेटीत असे, म्हणून असंख्य खेळाडूंनी आरंभ त्यावरच केला. माणसांची सीमेवरची गढी, आणि पलीकडच्या गुहांत ऑर्क, गोब्लिन, कोबोल्ड यांच्या टोळ्या. खेळाडूंनी गुहांत शिरायचे, मारायचे, धन आणायचे. पण त्या गुहांत बायका आणि पोरेही आहेत, आणि त्यांचीही संख्या लेखकाने दिली आहे. लढून झाल्यावर त्या पोरांचे काय करायचे? हा प्रश्न टेबलाटेबलांवर निघाला. २००५ मध्ये गायगॅक्सला कोणीतरी तो विचारला. धर्मनिष्ठ योद्ध्याने अशांना मारणे त्याच्या नीतीत बसते असे समर्थन करताना त्याने कर्नल चिव्हिंग्टनच्या नावावर असलेले, उवा आणि लिखांचा दाखला देणारे वाक्य वापरले. हा चिव्हिंग्टन म्हणजे २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कोलोराडोत सँड क्रीक येथे शायेन आणि अरापाहो लोकांची कत्तल घडवणारा अधिकारी. मेलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे होती. गुहेतले कल्पित पोर आणि सँड क्रीकचे खरे पोर यांच्यामध्ये किती थोडे अंतर होते, हे त्या उत्तराने दाखवून दिले. सीमेवरची गढी कोणाच्या जमिनीवर बांधली होती, हा प्रश्न अमेरिकेच्या इतिहासाला टाळता येत नाही. तो खेळालाही टाळता येणार नव्हता.

४

जे वगळले गेले होते ते गप्प बसले नाहीत, हा या इतिहासाचा दुसरा आणि अधिक मोलाचा भाग आहे.

लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड या बाईंनी १९७५ मध्ये 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' हे खेळाडूंचे नियतकालिक सुरू केले. प्रत्येक लेखकाने आपली पाने पाठवायची आणि संपादिकेने ती एकत्र बांधून सर्वांना पाठवायची, असा त्याचा व्यवहार होता. नियम कोणी एकाने करावेत आणि बाकीच्यांनी पाळावेत ही रीत इथे मोडली गेली. वाचक हाच लेखक झाला. हे काम त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे चालवले. सायक्लोस्टाइल केलेल्या अनियतकालिकांनी मराठी साहित्यात काय केले हे या पानांच्या वाचकांना ठाऊक आहे. प्रस्थापित छापखाना नाकारतो तेव्हा माणसे आपली शाई आपण आणतात.

कंपनीच्या आत जीन वेल्स ही पहिली स्त्री-रचनाकार १९७९ मध्ये आली. तिने लिहिलेले 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस' हे साहस छापून झाल्यावर मागे घेण्यात आले आणि १९८१ मध्ये एका पुरुष सहकाऱ्याने ते पुन्हा लिहिले. प्रवेश मिळाला, पण शब्द टिकला नाही. माईक पाँडस्मिथ या काळ्या रचनाकाराने मात्र कोणाच्या दारात उभे राहण्याऐवजी स्वतःची संस्था काढली. १९८८ मध्ये आलेल्या त्याच्या 'सायबरपंक' या खेळात राजपुत्र नाहीत, ड्रॅगन नाहीत. बलाढ्य कंपन्यांनी गिळलेले शहर आहे आणि त्याच्या तळाशी जगणारी माणसे आहेत. १९९१ मध्ये 'व्हँपायर: द मास्करेड' हा खेळ आला. त्यात लढाईपेक्षा माणसामाणसांतील ताण, लोभ आणि अपराधभाव यांना महत्त्व होते. त्या खेळाकडे स्त्रिया मोठ्या संख्येने वळल्या. त्यांना खेळ नको नव्हता, फक्त गुहा लुटण्याखेरीज काही करायला हवे होते, हे त्यातून सिद्ध झाले.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. विषय युरोपबाहेरचा घेतला की दृष्टीही मोकळी होते, असे नाही. १९७५ मध्येच एम. ए. आर. बार्कर या मिनेसोटाच्या प्राध्यापकाचा 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ प्रसिद्ध झाला होता. बार्कर दक्षिण आशियाचा अभ्यासक, उर्दूचा जाणकार. त्याच्या कल्पित जगात भारताच्या आणि प्राचीन मेक्सिकोच्या संस्कृतींच्या छटा होत्या, आणि युरोपच्या पलीकडे पाहणारा म्हणून त्याचे कौतुक झाले. २०२२ मध्ये उघड झाले, आणि त्याचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेने मान्य केले, की १९९१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेली एक नाझीवादी कादंबरी त्याचीच होती. परक्या संस्कृतीचे रंग आवडणे वेगळे आणि त्या संस्कृतीतल्या माणसाला आपल्या बरोबरीचा मानणे वेगळे.

५

तक्ते बदलले ते टप्प्याटप्प्याने. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्त्रीच्या ताकदीवरची मर्यादा गेली. १९९७ मध्ये मूळ कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत जन्मावरून पायऱ्या अडवणारा तक्ता गेला. कोणीही कोणताही व्यवसाय करावा आणि वाटेल तितके चढावे. पण वंशाचे आकडे राहिले. त्या आवृत्तीतही अर्ध-ऑर्काची बुद्धी दोनांनी कमीच होती. २०१६ मध्ये निघालेल्या पुस्तकातही ऑर्काच्या बुद्धीत दोन वजा होते.

२५ मे २०२० रोजी मिनीआपोलिस शहरात पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडचा जीव घेतला. हे शहर त्याच मिनेसोटा राज्यातले, जिथे आर्नेसन आपला खेळ मांडत असे. देशभर लोक रस्त्यावर उतरले. त्या जूनमध्ये कंपनीने जाहीर निवेदन काढले की ऑर्क आणि काळ्या कातडीचे 'ड्राऊ' एल्फ यांना जन्मतः दुष्ट दाखवणे चूक आहे, आणि पूर्वीच्या काही मजकुरात खऱ्या जगातील समाजांची विटंबना झाली आहे. त्याच वर्षी बुद्धीतले ते वजा दोन काढले गेले, आणि वंशाचे गुण खेळाडूने हवे तिथे लावावेत असा ऐच्छिक नियम आला. २०२४ च्या नियमपुस्तकात 'वंश' हा शब्दच नाही. त्या जागी 'प्रजाती' आहे, ऑर्क ही माणसाच्या शेजारी बसणारी एक प्रजाती आहे, आणि गुणांचे आकडे जन्मावरून मिळत नाहीत.

मग ते कशावरून मिळतात? पूर्वायुष्यातील व्यवसायावरून. आणि इथे मला थांबावेसे वाटते. सरदाराला ताकद, बुद्धी आणि प्रभाव यांतून गुण वाढवता येतात. लेखनिकाला चपळाई, बुद्धी, शहाणपण यांतून. शेतकऱ्याला ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांतून. बुद्धी त्याच्या वाट्याला नाही, प्रभावही नाही. जन्म गेला आणि त्याच्या खुर्चीवर धंदा येऊन बसला. व्यवसाय खेळाडू स्वतः निवडतो आणि नव्या मार्गदर्शकात वेगळा व्यवसाय रचण्याची सोयही आहे, हे मी मान्य करतो. तरीही श्रमाच्या विभागणीआडून श्रमिकांची विभागणी कशी केली जाते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ज्यांना दाखवून दिले त्यांनी नांगरामागच्या माणसाच्या बुद्धीचा रकाना कोरा का, हे विचारलेच पाहिजे.

या बदलांना विरोधही झाला. 'खेळात राजकारण आणले' ही तक्रार आजही ऐकू येते. २०२४ मध्ये खेळाच्या आरंभकाळाची कागदपत्रे ग्रंथरूपाने निघाली. मूळ मजकुरात स्त्रियांविषयी तुच्छता आहे असे प्रस्तावनेत म्हटल्याबरोबर संस्थापकांचा अपमान झाला म्हणून गदारोळ उठला. ज्यांना जुना तक्ता सोयीचा होता त्यांना तो राजकारण वाटत नव्हता. तक्त्याला हात लागताच राजकारण सुरू झाले! या युक्तिवादाची चाल आपल्या चांगली ओळखीची आहे.

केवळ निवेदनाने मन बदलत नाही, हेही खरे. २०२२ मध्ये कंपनीच्या नव्या पुस्तकात 'हॅडोझी' नावाचे माकडासारखे लोक आले. एका जादूगाराने त्यांना गुलाम केले, मग कोणी परक्याने सोडवले, अशी त्यांची कथा होती. काळ्या गुलामांची जी विटंबना अमेरिकेने शतके केली तीच इथे हसत हसत पुन्हा छापली होती. वाचकांनी आवाज उठवला. कंपनीला माफी मागून मजकूर काढावा लागला. लिहिणाऱ्यांच्या टेबलावर जोवर वेगळी माणसे बसत नाहीत तोवर असेच घडत राहणार.

६

आणखी एक प्रश्न मालकीचा. २००० मध्ये कंपनीने खुला परवाना काढला. खेळाच्या मूळ नियमांवर कोणीही आपले पुस्तक लिहावे आणि विकावे. शेकडो लहान लेखक-प्रकाशक त्यावर उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये तो परवाना रद्द करून मोठ्या विक्रेत्यांकडून वाटा घेण्याचा बेत फुटला. हजारो खेळाडूंनी निषेध केला, कंपनीला देत असलेली वर्गणी बंद केली. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि नियमांचा मूळ गाभा 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली कायमचा खुला केला. आता लेखकाचे श्रेय नोंदवून कोणीही तो गाभा छापू शकतो, बदलू शकतो, कोणत्याही भाषेत आणू शकतो. संघटित वाचकांनी एका मोठ्या भांडवली कंपनीकडून ज्ञानाचा एक तुकडा समाईक करून घेतला, हा विजय लहान मानू नये. कारण पैशाचे कुंपण अजून आहेच. मुख्य तीन पुस्तकांची अमेरिकेतील छापील किंमत मिळून सुमारे १५० डॉलर होते.

आणि सत्तेचे कुंपणही आहे. त्याच विस्कॉन्सिन राज्यात वॉपन येथील तुरुंगाने २००४ मध्ये या खेळावर बंदी घातली. एका कैद्याने हाताने लिहिलेले ९६ पानांचे स्वतःचे कल्पित जग जप्त केले. गोष्ट सांगणारा एक जण बाकीच्यांना सूचना देतो, त्यातून टोळी तयार होईल, असे तुरुंगाचे म्हणणे होते. २०१० मध्ये अपिलाच्या न्यायालयाने ती बंदी कायम केली. गायगॅक्सच्या गावात जो छंद ठरला तो तुरुंगातल्या माणसाच्या हाती धोका ठरला. चार माणसे एकत्र बसून दुसरे जग कल्पितात, याची भीती सत्तेला का वाटावी, याचे उत्तर मी वाचकांवर सोपवतो.

७

अलीकडच्या काळात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती लेखणीची हस्तांतरे. 'कोयोट अँड क्रो' हा खेळ २०२२ मध्ये आला. शेरोकी राष्ट्राच्या कॉनर अलेक्झांडरच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या मूळनिवासी लेखक-चित्रकारांनी तो घडवला. त्यात युरोपीय वसाहत कधी झालीच नाही, अशी कल्पना आहे. त्यासाठी लोकांनी आगाऊ वर्गणीतून दहा लाखांहून अधिक डॉलर जमवले. सीमेवरच्या गढीला दिलेले याहून चोख उत्तर मला माहीत नाही. गढीच नाही!

त्याच वर्षी 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' हा साहसांचा संग्रह आला. अजित जॉर्ज आणि वेस्ली श्नायडर हे त्याचे प्रमुख. सगळी साहसे गोरेतर लेखकांनी आपापल्या भूमीच्या आठवणींतून लिहिली. त्यातील 'इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा' हे साहस मिमी मंडल यांचे आहे. कोलकात्यात वाढलेल्या मिमी मंडल या दलित लेखिका असल्याचे त्यांनी स्वतः जाहीरपणे लिहिले आहे. ऑक्टेव्हिया बटलर या काळ्या कादंबरीकर्तीवरील त्यांच्या सहसंपादित ग्रंथाला २०१८ मध्ये लोकस पुरस्कार मिळाला. या साहसासाठी त्यांनी नद्या आणि दलदल यांनी भरलेली, बंगालची आठवण देणारी 'शंखभूमी' उभी केली. १९७७ च्या कोशात भारत आला होता तो वाघाच्या तोंडाचा राक्षस म्हणून. २०२२ मध्ये तो एका दलित स्त्रीच्या लेखणीतून, माणसांची वस्ती म्हणून आला. मधल्या ४५ वर्षांत जे बदलले ते हे. कंपनीच्याच २०२१ मधील सांगण्याप्रमाणे खेळणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास पोचले. पण आकड्यापेक्षा मला हे नाव अधिक बोलके वाटते.

या इतिहासावरून माझे मत असे झाले आहे की क्षेत्र रुंद होते ते निमंत्रणाने नव्हे. भाषा सोपी व्हावी लागते, तक्ता मोडावा लागतो, मालकी सैल व्हावी लागते आणि लेखणी हातात यावी लागते. यांतले एक झाले आणि बाकीची राहिली तर पाहुणे वाढतात, घर तेच राहते.

आपल्यापुरते बोलायचे तर नियमांचा गाभा आता खुला आहे. कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच भांडवल लागते. वसतिगृहातल्या, शाळेतल्या मुलामुलींसाठी कोणी शिक्षकाने तो मराठीत आणावा असे मला मनापासून वाटते. मात्र शब्दाला शब्द ठेवून नव्हे. आणताना जन्माचा रकाना आधी तपासावा, धंद्याचाही तपासावा. आणि पहिली गोष्ट बळीच्या राज्याची असावी: शिवार राखणारे राक्षस हे खेळाडू, आणि क्षितिजावर धुरळा उडवीत येणारे पाहुणे. मग टेबलाभोवतीच्या पोरांना विचारावे, आता काय करता?